घाटासाठी गिअर निवडताना

सायकल घेताना आपल्याकडे हमखास विचारला जाणारा पहिला प्रश्न म्हणजे "किती गिअरची आहे?" अठरा, एकवीस, बावीस असं काहीतरी उत्तर मिळतं, आणि आकडा मोठा तेवढी सायकल चांगली असा समज होऊन बसतो. पण त्या आकड्यावरून सायकल घाट चढायला उपयोगी आहे की नाही, हे अजिबात कळत नाही. पुढे तीन चेनरिंग आणि मागे सात चक्र्या असल्या की गुणाकार एकवीस येतो. त्या एकविसांपैकी बरेच गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरकही जाणवत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: या सायकलचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे? डोंगराळ भागात सायकल चालवणाऱ्याने याच प्रश्नापासून सुरुवात करावी. सर्वांत जड गिअर, दोन गिअरमधलं अंतर, वजन, किंमत या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण त्यांचा क्रम नंतरचा. रोड सायकली बहुतेकदा याच्या उलट क्रमाने निवडल्या जातात. वेगाचा गिअर आधी पाहिला जातो आणि चढाला जे उरेल त्यावर भागवलं जातं. हा क्रम उलटा का करायला हवा, ते साध्या हिशोबातून दिसतं.

गिअर म्हणजे शेवटी दातांचा भागाकार. पुढच्या चेनरिंगला ३४ दात आणि मागच्या चक्रीला २८ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचं चाक १.२१ वेळा फिरतं. रोड सायकलच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर असतो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. फ्रान्समध्ये गिअर असाच मीटरमध्ये मोजायची पद्धत आहे आणि समजायला तीच सर्वांत सोपी. फेरीमागे जितका रस्ता कमी, तितका गिअर हलका. दोन वेगळ्या सायकलींची तुलना करताना किती गिअर आहेत, कोणत्या कंपनीचे आहेत हे क्षणभर बाजूला ठेवावं आणि सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेरीला किती रस्ता कापला जातो एवढंच पाहावं.

आता घाटाचा हिशोब. पुण्याचे सायकलस्वार आपला दम अजमावायला सिंहगडावर जातात, तोच रस्ता उदाहरणाला घेऊ. गडाची उंची समुद्रसपाटीपासून १,३१२ मीटर. पायथ्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटरांत रस्ता सहाशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे सरासरी चढ सात टक्क्यांच्या घरात जातो. मधले काही तुकडे दहा टक्क्यांच्याही पुढचे आहेत. हिशोबासाठी आठ टक्क्यांचा चढ धरू, म्हणजे शंभर मीटर रस्त्याला आठ मीटर उंची. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून वजन ८० किलो. अशा चढावर गुरुत्वाकर्षण सायकलला सुमारे ६३ न्यूटन इतक्या बळाने मागे ओढतं. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध चार-पाच न्यूटनांचा. एकूण झाले ६७. नियमित सायकल चालवणारा, पण स्पर्धेत न उतरणारा माणूस तासभर १५० वॅट शक्ती टिकवू शकतो असं मानू. शक्तीला बळाने भागलं की वेग मिळतो: सेकंदाला सव्वादोन मीटर, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. या संपूर्ण हिशोबात गिअर कुठेच आला नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाटातला वेग ठरवतात ते शरीर, वजन आणि चढ. तो वेग कमी फेऱ्यांत दात-ओठ खाऊन मिळवायचा की जास्त फेऱ्यांत हलक्या पायाने, एवढंच गिअरच्या हाती असतं.

ताशी ८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३ मीटर. एकेकाळी रोड सायकलींवर सर्रास असायचा तो ३९ आणि २५ दातांचा गिअर लावला, तर या वेगाला पेडल मिनिटाला फक्त ४१ वेळा फिरतं. ३४ आणि २८ दातांना ५२ फेरे पडतात, ३४ आणि ३४ दातांना ६३ आणि ३० व ३४ दातांना ७२. सायकलस्वार ज्याला कॅडेन्स म्हणतात तो हाच आकडा. आता प्रत्येक फेरीत लावाव्या लागणाऱ्या जोराकडे पाहू. नेहमीच्या १७० मिलिमीटर क्रँकवर १५० वॅट द्यायचे, तर ४१ फेऱ्यांना पेडलवर सरासरी २१ किलो वजनाइतका जोर लागतो आणि ७२ फेऱ्यांना १२ किलोइतका. ही फक्त सरासरी झाली. पाय खाली दाबला जातो त्या क्षणी जोर याच्या बराच वर असतो. असाच ९ किलोमीटरांचा चढ चढायला जड गिअरमध्ये सुमारे २,७०० फेरे लागतील आणि हलक्यात ४,९००. दोन्हीकडे काम सारखंच, पोहोचायचा वेळही जवळजवळ सारखाच. धान्याचं एकच पोतं जिन्याने वर न्यायचं असेल, तर ते थोड्या मोठ्या खेपांत नेलं काय आणि पुष्कळ लहान खेपांत नेलं काय, धान्य तेवढंच वर पोहोचतं. कंबर मात्र दोन्ही वेळा सारखी राहत नाही.

शरीराला हा फरक कळतो, कारण स्नायूंमधले सगळे तंतू एकाच जातीचे नसतात. काही तंतू सावकाश काम करतात पण सहसा थकत नाहीत, तर काही झटक्यात मोठा जोर देतात आणि लवकर रिकामे होतात. प्रत्येक फेरीतला जोर वाढला की या दुसऱ्या प्रकारच्या तंतूंना जास्त कामाला जुंपावं लागतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलस्वारांना सारख्याच श्रमपातळीवर आधी मिनिटाला ५० आणि मग १०० फेऱ्यांनी पेडल मारायला लावलं होतं. ५० फेऱ्यांच्या वेळी या जलद तंतूंमधला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, जास्त खर्च झाला. तो साठा मर्यादित असतो. पहिल्या घाटात तो उधळला तर तिसऱ्या घाटात पाय उत्तर देत नाहीत. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फेरे फार वाढवले तर नुसते पाय फिरवण्यातच शक्ती जाते आणि श्वास वाढतो. कमी शक्तीवर केवळ प्राणवायूचा खर्च पाहिला, तर मिनिटाला ५० ते ६० फेरे हेच काटकसरीचे ठरतात. म्हणून चढावर ९० फेऱ्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. सामान्य स्वाराने लांब चढावर ६० ते ७५ फेऱ्यांच्या दरम्यान राहावं, म्हणजे श्वास आणि स्नायू दोघांचंही जमतं. अडचण अशी की बऱ्याचशा रोड सायकली त्याला तिथपर्यंत येऊच देत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो अभिमानाचा. हलका गिअर ही कमकुवतांची सोय आहे, पायात ताकद असेल तर लागतो कशाला? हा आक्षेप सायकलच्या गिअरइतकाच जुना आहे. फ्रान्समधल्या सेंत-एतियेन गावचे पॉल द व्हिव्ही, जे 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहीत, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून डोंगराळ प्रवासासाठी एकापेक्षा जास्त गिअरचा पुरस्कार केला. तूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आंरी देग्रांज यांना ते पटलं नाही. बदलते गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, बाकीच्यांनी स्नायूंच्या बळावर जिंकावं, अशी त्यांची भूमिका होती. १९१० साली शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली, तरी पुढची पंचवीसहून अधिक वर्षं स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या चक्र्या बसवत आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं लावत. डिरेलरला, म्हणजे चालत्या सायकलवर चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. त्यानंतर शर्यत सोपी झाली नाही, उलट चढावरचे वेग वाढले. आपल्याकडे भोर घाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे जेमतेम २.७ टक्के आहे. तरी कर्जतला गाडीला बँकर, म्हणजे चढावर मदतीला ढकलणारी, इंजिनं जोडली जातात. गाडी कमकुवत आहे असं कुणी म्हणत नाही. घाटाला घाटाची व्यवस्था लागते हे रेल्वेने मानलेलं आहे. सिंहगडाचा चढ त्याच्या अडीच पट आहे.

दुसरा आक्षेप याच अभिमानातून निघतो: व्यावसायिक स्पर्धक तर जड गिअरवर आल्प्स चढले. चढले हे खरं, पण ताशी किती वेगाने हे पाहायला हवं. दर किलो वजनामागे सहा वॅट देणारा स्पर्धक आठ टक्क्यांच्या चढावर ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगाला ३९ आणि २५ दातांच्या गिअरमध्ये त्याचे पाय मिनिटाला शंभरच्या आसपास फिरतात. म्हणजे ज्या गिअरला आपण मर्दानी समजतो, तो त्याच्यासाठी हलका गिअर होता. त्याची नक्कल करणाऱ्या सामान्य माणसाला तोच गिअर ४१ फेऱ्यांवर आणून ठेवतो. स्पर्धकाकडून शिकायचं असेल तर त्याचे दात मोजण्यापेक्षा त्याचे फेरे मोजावेत. चढ खरोखर उभा झाला की हीच माणसं लहान रिंग आणि मोठी चक्री लावतात. १९९९ पासून स्पेनच्या शर्यतीत येणाऱ्या आंग्लिरू घाटात चढ वीस टक्क्यांच्या पुढे जातो, तिथे जगातले सर्वांत ताकदवान पायही हलका गिअरच शोधतात. ज्याची शक्ती त्यांच्या निम्म्याहूनही कमी, त्याने त्यांच्याहून जड गिअर वापरावा याला कोणतंही शास्त्र नाही.

तिसरा आक्षेप वेगाचा: हलक्या गिअरसाठी पुढची रिंग लहान केली तर सपाटीवर आणि उतारावर पाय मोकळे फिरतील. हे आकड्यांनी तपासू. ५० आणि ११ दातांचा नेहमीचा सर्वांत जड गिअर मिनिटाला ९० फेऱ्यांनी फिरवला, तर वेग ताशी ५१ किलोमीटर होतो. सपाटीवर एकट्याने तो वेग राखायला साडेसहाशे वॅटच्या आसपास शक्ती लागते, म्हणजे आपल्या स्वाराच्या तासभराच्या ताकदीच्या चौपटीहून जास्त. ताशी ४५ किलोमीटरलाही साडेचारशे वॅट लागतात. हा गिअर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो उतारावर. आणि आपल्या घाटांतल्या उतारावर खड्डे, गुरं, आंधळी वळणं आणि समोरून येणारी एसटी असताना पन्नाशीच्या वर पेडल मारत राहणं शहाणपणाचं नाही. तिथे अंग खाली झुकवून सायकल वाहू देणं आणि बोटं ब्रेकवर ठेवणं हेच बरोबर. ४६ आणि ३० दातांच्या रिंग लावल्या तरी ११ दातांच्या चक्रीवर ९० फेऱ्यांना ताशी ४७ किलोमीटर मिळतात. गमावलेले चार किलोमीटर बहुतेकांच्या आयुष्यात कधी वापरले जात नाहीत. खालच्या टोकाला मिळालेला हलका गिअर मात्र प्रत्येक घाटात वापरला जातो.

चौथा आक्षेप सर्वांत भारदस्त आहे, कारण तो अनुभवी स्वारांचा आहे. मागच्या कॅसेटचा, म्हणजे चक्र्यांच्या संचाचा, विस्तार वाढवला की दोन चक्र्यांमधली अंतरं वाढतात. अकरा चक्र्यांच्या ११ ते २८ दातांच्या कॅसेटमध्ये ११ ते १५ पर्यंत एकेक दात वाढतो. ११ ते ३४ दातांच्या कॅसेटमध्ये ११, १३, १५, १७ असं दोन-दोन दातांनी पुढे जावं लागतं. गटाबरोबर सपाट रस्त्यावर एका लयीत जाणाऱ्याचे फेरे ९० वरून एकदम ७९ वर येतात, तेव्हा ही उडी पायाला टोचते. हा तोटा खरा आहे आणि तो नाकारू नये. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? सपाटीवरची उडी ही गैरसोय आहे आणि घाटातली ४१ फेऱ्यांची अवस्था ही अडवणूक आहे. दोन्हींत निवड करायची वेळ आलीच तर गैरसोय पत्करावी. पुष्कळदा ती पत्करावीही लागत नाही. पुढे ४६ व ३० दातांच्या रिंग घेतल्या, तर मागे जवळ-जवळ दातांचं ११-२८ कॅसेट ठेवूनही ३४-३२ इतका हलका गिअर मिळतो. बारा चक्र्यांच्या नव्या ११-३४ कॅसेटमध्ये १५ दातांपर्यंत एकेक दाताचीच पायरी आहे. कात्री लावायचीच असेल तर ती वरच्या टोकाला लावावी, मधल्या गिअरना किंवा खालच्या टोकाला नव्हे.

वजनाचा मुद्दा लवकर आटोपतो. मोठं कॅसेट लहानापेक्षा साधारण शंभर ग्रॅमने जड असतं. ८० किलोंमध्ये ते हजार भागांतला जेमतेम एक भाग भरतं. याहून बोलकी तुलना स्वस्त आणि महाग सायकलींची आहे. साध्या २१ गिअरच्या सायकलवर पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ दात असतात. तिचा सर्वांत हलका गिअर ०.८६, म्हणजे फेरीला पावणेदोन मीटर. तिच्या कितीतरी पट किमतीच्या रेसिंग सायकलवर ३४-२८ असेल तर फेरीला अडीच मीटर. स्वस्त सायकल सहा-सात किलोंनी जड असली तरी चढावर त्याची किंमत सात-आठ टक्के वेग एवढीच. गिअर मात्र तीस टक्क्यांनी हलका. खर्च वाढवताना ही देणगी हरवू नये.

मग उभं राहून पेडल मारलं तर? थोड्या अंतरासाठी ते उत्तम. वळणावरचा उभा तुकडा पार करायला, पाठ मोकळी करायला त्याचा उपयोग आहे. पण उभं राहिलं की शरीराचा भार सीटऐवजी पायांवर येतो, हृदयाची गती वाढते आणि तासभराच्या घाटाचं उत्तर त्यात मिळत नाही. सह्याद्रीत आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर शेवाळ आणि चिखल असतो. उभं राहून जड गिअर दाबताना मागच्या चाकावरचा भार घटतो आणि जोर हिसक्याने येतो, त्यामुळे चाक घसरतं. बसून, हलक्या गिअरमध्ये, एकसारखे फेरे मारणाऱ्याचं चाक रस्ता धरून राहतं.

सह्याद्रीची रचनाही याच बाजूने साक्ष देते. बेसॉल्टच्या थरांचा हा कडा पश्चिमेला एकदम तुटतो आणि पूर्वेला पठार हळूहळू उतरत जातं. वाईहून पाचगणीला नेणारा पसरणीचा घाट पाच टक्क्यांच्या आसपासचा, पठारावरूनच सुरू होणारा. तिथे ३४-२८ ओढून नेता येतो. पण पोलादपूरहून महाबळेश्वरला यायचं तर कोकणाच्या पातळीवरून सुमारे ४० किलोमीटर चढत राहायचं असतं. पुण्याहून किंवा साताऱ्याहून कोकणात उतरलेल्याला हा चढ परतीला लागतो: पाय दमलेले, पाणी संपत आलेलं, दमट उकाडा. सकाळी १५० वॅट देणारं शरीर तेव्हा १२० वरही आलेलं असू शकतं. म्हणून गिअर ताज्या पायांच्या मापाने न घेता दिवसाच्या शेवटच्या घाटाच्या मापाने घ्यावा.

तो मोजायचा कसा, यासाठी यंत्रं लागत नाहीत. ओळखीचा, लांबी माहीत असलेला घाट न थांबता किती मिनिटांत चढता येतो ते पाहावं. ९ किलोमीटरांना ६६ मिनिटं लागली तर मिनिटाला १३६ मीटर झाले. त्याला ७० ने भागलं की १.९५ मीटर, म्हणजे ०.९३ चा गिअर. ३२-३४ किंवा ३०-३२ दातांच्या जोडीला तो मिळतो. ही सरासरी आहे. बारा टक्क्यांच्या तुकड्यात वेग ताशी साडेपाच किलोमीटरवर येतो, तेव्हा ३४-३४ वरही फेरे ४४ होतात. त्यामुळे हिशोबापेक्षा एक पायरी हलका गिअर हाताशी असावा. याला खालची मर्यादाही आहे. ताशी पाच-सहा किलोमीटरच्या खाली तोल सांभाळणंच अवघड होतं, म्हणून बिनसामानाच्या सायकलला ०.७५ पेक्षा हलका गिअर सहसा लागत नाही. पिशव्या लादून मुक्कामी निघणाऱ्याला तो लागतो. दुकानात बदल करून घेताना मात्र मागचा डिरेलर किती दातांची चक्री पेलतो ते आधी विचारावं आणि चेनची लांबी नव्याने मोजून घ्यावी. आखूड चेनवर मोठी रिंग आणि मोठी चक्री एकत्र आली तर डिरेलर मोडू शकतो.

हा आग्रह केवळ तंत्राचा नाही. ५५ किलो वजनाची, तासभर १०० वॅट देऊ शकणारी एखादी बाई आठ टक्क्यांच्या चढावर ताशी सव्वासहा किलोमीटरने जाते. ३४-२८ तिला ४१ फेऱ्यांवर जखडतो आणि ती असं समजते की घाट आपल्यासाठी नाहीत. साठी गाठलेल्या माणसाचं, आजारातून उठलेल्याचं, नुकती सुरुवात केलेल्याचंही तेच होतं. त्या बाईच्या सायकलला ३० दातांची रिंग आणि ३४ दातांची चक्री असेल तर त्याच पायांना त्याच चढावर ५६ फेरे मिळतात, आणि मध्ये उतरून सायकल ढकलण्याची वेळ येत नाही. तेव्हा दुकानात गिअर किती हे विचारण्याऐवजी पुढच्या सर्वांत लहान रिंगचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दात विचारावेत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून उत्तर एकाच्या खाली आलं, तर ती सायकल घाटात आपल्या सोबतीला येईल.